कुंदाची वाटी

पत्र :

अक्कांस नमस्कार. वडगावात आमचं घर, पुढच्या सोप्यात दोन माग. अकरा वर्षांपूर्वी लग्न होऊन आले तेव्हा घरातली मांजर, कुंदा, दोन वर्षांची होती. रंग अगदी आपल्या बेळगावच्या गोड कुंद्यासारखा, म्हणून ते नाव. माग खडखडत असताना ती कांड्यांच्या बुट्टीत झोपायची आणि लाईट जाऊन माग थांबले की दचकून उठायची. मार्चपासून फार पाणी पिऊ लागली. मला वाटलं, उन्हाळा आहे. मे महिन्यात रक्त तपासलं तर क्रिएटिनिन ८.४. किडन्या गेल्यात म्हणाले. महिनाभर मीच रोज कातडीखाली सलाईन दिलं. वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी ती उठेना. डॉक्टर म्हणाले, आता सोडवूया. मी सही केली. इंजेक्शननंतर तिचे डोळे उघडेच राहिले, आणि थोड्या वेळानं तिनं एकदा श्वास ओढल्यासारखं केलं. ती जिवंत होती का अक्का? सासूबाई म्हणतात, मांजराचं पाप काशीला सोन्याचं मांजर वाहिल्याशिवाय फिटत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिची वाटी घासून फळीवर ठेवून दिली. "मांजर होतं की ते, माणूस न्हवं," म्हणाल्या. नऊ वर्षांच्या मुलाला आम्ही सांगितलंय, कुंदा खानापूरला मामाकडे गेली. दोन महिने झाले. रात्री उठून परड्यात, तिला पुरलं तिथं जाऊन बसतो मी.

– वडगावची एक वाचक


अगं बाई,

आधी त्या श्वासाचं बोलू. तुझी झोप त्यानंच उडवली आहे.

कुंदा तेव्हा जिवंत नव्हती. ते इंजेक्शन म्हणजे भुलीच्याच औषधाचा खूप मोठा डोस असतो. आधी शुद्ध हरपते, मग श्वास थांबतो, मग हृदय. हे सगळं बहुधा एक-दोन मिनिटांत होतं. शुद्ध पहिल्यांदा जाते, हे नीट लक्षात घे, कारण पुढचं काहीच तिला जाणवलेलं नाही. डोळे उघडे राहिले कारण औषधानं पापण्यांचे स्नायूही सैल पडतात. मांजरांचे डोळे अशा वेळी बहुतेकदा उघडेच राहतात, ती तुझ्याकडे बघत नव्हती. आणि तो श्वास शरीराचा होता, कुंदाचा नव्हता. हृदय थांबल्यावरही काही मिनिटं छातीचा पडदा आखडू शकतो, पाय किंवा मिशा हलू शकतात, लघवी होऊ शकते. ज्यांना हे माहीत नसतं त्यांचं काळीज हमखास फाटतं. तुला हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं, आणि ते न झाल्यामुळे तू दोन महिने परड्यात बसते आहेस. याचा मला राग आहे.

आता मार्चमधल्या पाण्याचं. मांजराच्या किडनीचा आजार फार लबाड. किडनीचा दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भाग निकामी होईपर्यंत रक्ताच्या तपासणीतही क्रिएटिनिन बहुधा वाढलेलं दिसत नाही. त्यात मांजर दुखणं लपवतं. ते शिकारी आहे, पण मोठ्या जनावरांचं भक्ष्यही आहे, म्हणून अशक्तपणा दाखवणं त्याच्या रक्तातच नाही. दुखत असतानाही ते गुरगुरतं. मी तुला खोटं सांगणार नाही. मार्चमध्येच दवाखान्यात नेलं असतं तर पथ्याचं खाणं आणि औषधं यांनी काही काळ बरा गेला असता, कदाचित. पण गेलेली किडनी परत येत नाही, आणि तेरा वर्षांची मांजर म्हणजे माणसाच्या हिशेबात सत्तरीला टेकलेली बाई. बेळगावच्या मार्चमध्ये मांजर पाणी जास्त पितंय याला "उन्हाळा" म्हणणारी तू एकटी नाहीस. पाच मिलिग्रॅमच्या वर क्रिएटिनिन गेलं की या आजाराचा शेवटचा टप्पा धरतात. कुंदाचं ८.४ होतं. तिथून पुढं तू महिनाभर रोज सुई टोचलीस. घरातलं माणूस असतं तर किती जणांनी केलं असतं?

राहिलं काशीचं सोन्याचं मांजर. ही म्हण मीही ऐकत मोठी झाले. पण ती कुणासाठी आहे? काठी मारून, दगड मारून, गाडीखाली घालून धडधाकट मांजर मारणाऱ्याला धाक बसावा म्हणून. महिनाभर सलाईन लावणारीला नव्हे. आपल्याकडे बाळाच्या पाचवी-सहावीला जिची पूजा करतात त्या सटवीचं, षष्ठीदेवीचं वाहन मांजर आहे, हे सासूबाईंना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. लेकरांची राखण करणारी देवी मांजरावर बसून येते. तिला आपल्या वाहनाचे हाल जास्त दिवस चाललेले आवडले असते, असं मला तरी वाटत नाही. आणि देवाधर्माचं बाजूला ठेवलं तरी, जनावराला जिवंत ठेवणं हीच क्रूरता ठरावी अशी वेळ येऊ शकते, हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानंही मान्य केलं आहे.

सहीच्या ऐवजी काय झालं असतं, ते मी पाहिलं आहे. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, जंगलाकाठचं. आमच्याकडे गण्या नावाचा बोका होता. म्हातारपणी तोही न्हाणीतल्या घंगाळाशी जाऊन बसायचा, पाण्यात तोंड घालून. मांजराला दवाखान्यात नेतात हे तेव्हा आमच्या कानावरही नव्हतं. आप्पा म्हणाले, त्याचं तो बघून घेईल. बाहेर धो धो पाऊस. गण्या माळ्यावर पेंढ्यांत जाऊन पडला तो चार दिवस तिथंच. तोंडात फोड, पाणी पुढं केलं तर वळून बघायचा पण गिळवायचं नाही. शेवटी झटके आले. मी दहा वर्षांची होते. त्याला आपोआप मरण आलं, कुणाच्या माथी पाप लागलं नाही. ते चार दिवस मला आजही दिसतात. तुझ्या मुलाला असं काही बघावं लागलं नाही, ते तुझ्या सहीमुळे.

मुलाशी मात्र तुम्ही चुकलात, आणि हे लवकर निस्तरायला हवं. नऊ वर्षांचं पोर इतकं लहान नसतं. आज ना उद्या तो मामाकडे जाईल, कुंदाला शोधेल, आणि त्या दिवशी मांजराबरोबर तुमच्यावरचा विश्वासही जाईल. "कुंदा मेली" असंच सांग. "झोपवलं" म्हणू नकोस, मुलं मग स्वतः झोपायला घाबरतात. किडनी म्हणजे काय, ती थांबली की रक्तातली घाण बाहेर पडत नाही, डॉक्टरांनी तिला त्रास न होता मरण दिलं, इतकं त्याला समजेल. आधी खोटं का सांगितलं असं विचारलं तर खरं उत्तर दे, की तुलाच बोलवत नव्हतं. मग त्याला परड्यात ने. जागा दाखव. तिथं काय लावायचं ते त्याला ठरवू दे, अबोली म्हणाला तर अबोली, मिरची म्हणाला तर मिरची. तुझ्या रात्रीच्या बसण्याला मी नको म्हणत नाही, पण एकटीनं आणि अंधारात बसण्यापेक्षा दिवसाउजेडी त्याच्याबरोबर बस.

सलाईनच्या न फोडलेल्या बाटल्या उरल्या असतील तर त्या पशुवैद्यकीय दवाखान्यात देऊन टाक. कुठल्या तरी वासराच्या कामाला येतील, आणि तुझ्या डोळ्यांसमोरून हलतील. पिल्लू आणून द्यायला लोक येतील. हा आजार संसर्गाचा नाही, त्यामुळे घरात दुसरं मांजर आणायला तशी आडकाठी नाही, पण मनाची आहे तोवर "नको" म्हणायला लाजू नकोस. कधी आणलंसच तर ते सात-आठ वर्षांचं झालं की वर्षातून एकदा रक्त आणि लघवी तपासून घेत जा. आणि झोप अशीच उडत राहिली, जेवण जाईना झालं किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर १४४१६ हा टेली-मानसचा, मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतसेवेचा नंबर आहे. फोन फुकट लागतो, रात्रीही.

आता वाटी. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तीनही वेळा त्या वाटीशी अडकले. सासूबाईंना खरंच काही वाटलं नसतं तर वाटी परड्यात भिरकावली असती, नाहीतर कोंबड्यांना पाणी ठेवायला घेतली असती. त्यांनी ती घासली. पुसून फळीवर ठेवली. आणि आणखी एक गोष्ट तू स्वतःच लिहिलीस पण तुझ्या लक्षात आली नाही. तू लग्न होऊन आलीस तेव्हा कुंदा दोन वर्षांची होती. म्हणजे ती आधी त्यांची होती. तिला घरात कुणी आणलं, पहिलं दूध कुणी घातलं, त्या वाटीतून तेरा वर्षं तिला कुणी कुणी वाढलं, यातलं बरंच तुला माहीतच नसेल. सही करताना त्यांना कुणी विचारलं होतं का? तुझ्या पत्रात तसं कुठं दिसत नाही. तुला दोष देत नाही, त्या घाईत सुचत नाही. पण पापाची गोष्ट कधी कधी अशा न विचारलेल्या माणसाच्या तोंडून येते.

संध्याकाळी माग बंद झाले, दिवा लागला, की त्यांच्या शेजारी जाऊन बस. माफी मागायला नको, वाद घालायला नको. फक्त विचार, कुंदा या घरात पहिल्या दिवशी आली ती कशी आली. मुलालाही जवळ बसव.

– अक्का