लांडग्याला कॉलर लावायचा आहे, सापळ्यांचा रोजचा क्रम कसा बसवावा?

तुम्ही विचारलंय की माळरानावर लांडगा पकडून रेडिओ कॉलर, म्हणजे सिग्नल पाठवणारा गळपट्टा, लावायचा तर कामं कुठल्या क्रमाने करावीत, म्हणजे थोड्या रात्रींत काम उरकेल. पुणे-सोलापूर पट्ट्यातल्या माळांवर मी तीन हंगाम हे काम केलंय, त्यावरून सांगतो.

परवानगी हातात येईपर्यंत सापळा गाडीतसुद्धा ठेवू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे लांडगा अनुसूची १ मध्ये येतो आणि त्याला सापळ्यात धरणं हीसुद्धा शिकारच ठरते. संशोधनासाठी कलम १२ खाली परवाना लागतो, त्याला केंद्र सरकारची पूर्वसंमती हवी.

रात्रींची बचत होते ती सापळे लावण्याआधीच्या चालण्याने. पहिला आठवडा एकही सापळा लावू नका. उजाडताना गाडीवाटा आणि ओढ्यांची पात्रं पायी फिरा. लांडग्याचा माग दोरी ताणल्यासारखा सरळ जातो, मागचा पाय पुढच्याच्या ठशावर पडतो. गावकुत्रा इकडेतिकडे हुंगत जातो, त्याचा माग वाकडातिकडा. दोन वाटा मिळतात तिथे केस आणि हाडांचे तुकडे असलेली विष्ठा पुन्हा पुन्हा सापडली की जागा ठरली. पाच-सहा चांगल्या जागा पुरतात. वीस लावलेत तर रात्री वेळेवर पोचणार नाही.

धनगरांशी बोलणं याच आठवड्यात उरका. आम्ही ते पुढे ढकललं आणि दुसऱ्याच रात्री एका वाड्यावरचा कुत्रा अडकला. पाय शाबूत होता, पण त्या दादांचा चेहरा मला अजून आठवतो. त्यानंतर मेंढरं कुठे बसणार हे विचारल्याशिवाय आम्ही एकही सापळा मांडला नाही.

सापळा रबरी जबड्यांचा, साखळीला फिरती कडी आणि झटका खाणारी स्प्रिंग असलेला घ्या. नवा असेल तर बाभळीच्या सालीत उकळून लोखंडाचा वास घालवा. हातमोजे घाला आणि गुडघे जमिनीला लावू नका, खाली गोणपाट अंथरा. खड्ड्यातली माती गोणपाटावरच काढा. सापळा हलत नाही ना, हे दाबून बघा. जरासा डुगडुगला तरी लांडगा तिथून मागे फिरतो. पाय पडला की सापळा मिटवणाऱ्या तबकडीखाली माती शिरू नये म्हणून वर कागद ठेवा, त्यावर चाळलेली कोरडी माती बोटभर पसरा. ताण इतका ठेवा की दोन-तीन किलोची खोकड तबकडीवरून चालत गेली तरी सापळा मिटणार नाही.

दिवस मावळताना सापळे उघडायचे, उजाडताच बंद करायचे. उन्हात अडकलेलं जनावर तापून मरू शकतं. प्रत्येक सापळ्याला ट्रान्समीटर बांधा. ओढ बसून त्याच्यावरचा चुंबक निसटला की सिग्नलची लय बदलते. रात्रभर आळीपाळीने कोणीतरी ऐकत बसलंच पाहिजे. लय बदलली की अर्ध्या तासात पोचता येईल इतक्याच अंतरावर मुक्काम टाका. विणीचा काळ, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पूर्ण सोडा. बिळात पिल्लं असतात.

जनावरापाशी पोचल्यावर बोलणं बंद, लाल टॉर्च. भुलीचं औषध आणि डोस पशुवैद्यकाच्या हातात. केटामाइनने डोळे उघडेच राहतात, म्हणून आधी डोळ्यांत मलम, मग पट्टी. दर पाच मिनिटांनी तापमान बघा. ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की पोट, जांघा आणि पंजे पाण्याने भिजवा. कॉलर वजनाच्या ३ टक्क्यांहून जड नको, म्हणजे २० किलोच्या लांडग्याला ६०० ग्रॅमच्या आतला. ही सगळी कामं आधी एखाद्या पाळीव कुत्र्यावर, भूल न देता, घड्याळ लावून गिरवा. मापं घ्यायचा कॅलिपर कोणाच्या हातात आणि वही कोणाकडे, हे अंधारात शोधत बसू नका. गटातल्या प्रत्येकाने रेबीजची लस आधीच घेतलेली असावी.

काम झालं की वारा जनावराकडून आपल्याकडे येईल अशा बाजूला शंभरेक पावलं मागे सरा आणि बसून राहा. तो आधी मान उचलतो, मग पुढचे पाय टेकतो, पडतो, परत उठतो. चारही पायांवर सरळ चालत दिसेनासा होईपर्यंत गाडी सुरू करू नका.