एमजी घेण्याआधी

रामबाग, इंदूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

फोटो मिळाले. तू घ्यायची म्हणतोस ती गाडी एमजी टीसीच आहे, ती जुनी ब्रिटिश टू-सीटर स्पोर्ट्स कार, शंका नाही. तारांची उंच चाकं आणि पाठीवर पेट्रोलची टाकी फोटोत स्पष्ट दिसतात. मालक म्हणतो, ‘थोडं काम आहे.’ या थोड्या कामात किती पैसा मुरतो ते आधी पाहा, भावाचं मग बोलू.

टीसी १९४५ ते १९४९ मध्ये बनली, साधारण १०,०००. वर पत्रा, पण आतला सांगाडा अ‍ॅशच्या लाकडाचा. माळव्यातले पावसाळे पत्र्याच्या शेडमध्ये काढलेल्या गाडीला ओलही लागते आणि वाळवीही. बाहेरून काही कळत नाही, पुट्टी सगळं झाकते. म्हणून दार उघड आणि मोकळ्या बाजूनं धरून हळूच वर उचल. बिजागरीकडचा खांब हलला, तर लाकूड गेलं समज. मग पत्रा उतरवा, खांब नव्यानं घडवा, पत्रा परत चढवा, आणि दोन्ही दारांच्या फटी सारख्या येईपर्यंत सुतार आणि डेंटर यांना एकमेकांसमोर बसवा. मजुरी इथे जाते. रंग त्यानंतर.

त्या मानानं इंजिन सोपं. १२५० सीसीचे चार सिलिंडर. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग ही मशीनवरची कामं आपल्याकडे होतात, आणि टीसीचे बरेच भाग इंग्लंडात आजही नवे बनतात. मागवताना किमतीबरोबर भाडं आणि कस्टम ड्युटीही हिशेबात धर. लोक मात्र इंजिनाचा आवाज ऐकून बयाणा देतात आणि लाकडात बुडतात.

गाडी स्वस्त मिळाली म्हणून डेंटर किंवा क्रोमवाला दर कमी करत नाही. त्यामुळे मोडकी स्वस्तात घेऊन उभी करण्यापेक्षा जास्त पैसे मोजून पुरी गाडी घेणं बहुतेक वेळा कमी खर्चाचं पडतं. पुरी म्हणजे चकचकीत नव्हे. मीटर, हेडलाइट, विंडस्क्रीनची चौकट, कापडी हूडच्या दांड्या, सगळं जागच्या जागी असलेली. हरवलेलं किडुकमिडुक शोधण्यातच वर्षं जातात. आणि जो अंदाज तुला मिळेल, त्याच्या दीडपट रक्कम हाताशी नसेल तर हात घालू नकोस.

आता भाव. २०२२ मध्ये मर्सिडीजची ३०० एसएलआर कूपे साडेतेरा कोटी युरोंना गेली, ही बातमी वाचून तुझ्या मालकानं किंमत चढवली असेल तर हसून सोड. तशा कूपे दोनच बनल्या होत्या. आपल्या इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांची अमेरिकन ड्यूसेनबर्ग एसजे घे: लंडनच्या गर्नी नटिंगनं बांधलेली बॉडी, तशी दुसरी नाही, आणि मालक कोण होता याची नोंद पक्की. तिथे पैसा त्या कागदांना आणि एकुलतेपणाला मिळतो. दहा हजारांतल्या एका टीसीला तिचा अस्सलपणा आणि तिची स्थिती एवढंच बळ. त्यात १९५० पूर्वीच्या गाड्या देशाबाहेर पाठवण्यावर निर्बंध आहेत, म्हणून लंडनच्या लिलावाचा आकडा इथे दाखवून उपयोग नाही. आपल्याकडे गिऱ्हाईक मोजकं, आणि ते एकमेकांना ओळखतं.

कागदांत ढिलाई नको. चासीवरचा नंबर आरसीशी अंकाअंकानं जुळव. इंजिनाचा नंबर रिव्हेट मारलेल्या पट्टीवर असतो, आणि पट्टी बदलता येते. तेवढ्यावर विसंबू नकोस. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हीए’ मालिकेत विंटेज नोंदणी होते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. कुणी सोयीसाठी दुसरंच इंजिन बसवलं असेल, तर अडचण तिथेच. शिवाय अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल यांसाठीच बाहेर काढता येते. रात्री सराफ्यात खायला न्यायची स्वप्नं पाहत असशील, तर आत्ताच सांगून ठेवतो.

विकून नफा होईल का, असं विचारलंस. खर्च आणि नफा एकाच आकड्यात बसवू नकोस. बहुतेकांचा खर्चही पुरा निघत नाही. रविवारी सकाळी येतो. आरसीच्या दोन्ही बाजूंचे फोटो तोवर पाठव. आणि मालकाला सांग, आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करून गरम करू नका, थंड इंजिन कसं उठतं ते बघायचंय.

तुझा,
काका