कोळंबीच्या टरफलांपासून प्रकाश-उत्प्रेरक बनवून खाडीचे पाणी शुद्ध करता येईल का?

रत्नागिरीच्या मासळी बाजाराबाहेर टाकून दिलेली कोळंबीची टरफले आणि घरोघरच्या नारळाच्या करवंट्या यांपासून सूर्यप्रकाशावर चालणारा उत्प्रेरक (स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ) करून खाडीचे दूषित पाणी शुद्ध करता येईल काय, असे आपण विचारले आहे. मी रसायनशास्त्र शिकवतो आणि असे काम आपल्या किनाऱ्यावर व्हावे ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

प्रकाशात प्रत्यक्ष काम करतो तो टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइडसारखा अर्धवाहक (सेमीकंडक्टर). प्रकाशामुळे त्यातील इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातात, मागे उरलेल्या रिक्त जागा पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक (अतिशय क्रियाशील, अल्पायुषी कण) तयार करतात आणि हे मूलक रंग, फिनॉल यांसारखे सेंद्रिय रेणू तोडतात. टरफलांतून काढलेल्या कायटोसान या जैविक पदार्थाचे मणी अर्धवाहकाची भुकटी धरून ठेवतात, त्यामुळे ती पाण्याबरोबर वाहून जात नाही. करवंटीचा सक्रिय कोळसा प्रदूषक शोषून तिच्याजवळ आणतो. अर्धवाहकही कचऱ्यातूनच हवा असेल, तर वापरून संपलेल्या साध्या सेलच्या जस्ताच्या कवचापासून झिंक ऑक्साइड मिळवता येते. मात्र कायटोसान काढताना तीव्र अल्कली लागते. ते सांडपाणी उदासीन न करता ओढ्यात सोडले, तर साऱ्या खटाटोपाला अर्थ उरत नाही.

खाडीच्या पाण्यावर हा प्रयोग थेट करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भरतीच्या पाण्यातील क्लोराइड मूलकांना गिळते, गाळ प्रकाश अडवतो, आणि टायटॅनियम डायऑक्साइडला लागणारे सुमारे ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे अतिनील किरण सूर्यप्रकाशात जेमतेम पाच टक्के असतात. पावसाळ्यात तर तेही आटतात. म्हणून सांडपाणी खाडीला मिळण्याआधीच, गाळ बसवून, उथळ टाकीत त्यावर प्रक्रिया करावी. आम्लयुक्त पाण्यात झिंक ऑक्साइड विरघळते आणि सुटलेले जस्त मासळीला व कालवांना घातक ठरते, हेही ध्यानात असावे.

प्रयोगासाठी मिथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याच्या पातळ द्रावणाच्या तीन बाटल्या घ्या: एक उत्प्रेरकासह उन्हात, एक उत्प्रेरकासह अंधारात आणि एक उत्प्रेरकाविना उन्हात. अंधारातल्या बाटलीतही रंग उतरला, तर तेवढे श्रेय नुसत्या शोषणाचे आहे. शिवाय रंग गेला तरी रेणूचे तुकडे पाण्यात उरू शकतात, म्हणून रासायनिक प्राणवायू मागणीची (सीओडी, म्हणजे पाण्यात उरलेल्या सेंद्रिय पदार्थांचा अंदाज देणारी) चाचणी प्रयोगशाळेतून अवश्य करून घ्यावी.