मेंदूच्या शस्त्रक्रियेत डोक्याच्या नसा बधिर करायचे इंजेक्शन कशासाठी?

वडिलांच्या मेंदूतली गाठ काढायची आहे आणि डॉक्टर 'स्काल्प ब्लॉक' देणार म्हणाले. ती सुई मेंदूत जाते का, आणि सलाइनमधून वेदनाशामक देता येत असताना हे कशाला, असे तुम्ही विचारले आहे. मी भूलतज्ज्ञ आहे, हा ब्लॉक नेहमी देते.

सुई कवटीच्या आत जातच नाही. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत. दुखते ती डोक्याची कातडी, खालचे स्नायू आणि मेंदूवरचे आवरण. कातडीच्या नसा ठरलेल्या जागी असतात: भुवईवर, कानशिलाजवळ, कानाच्या पुढे-मागे आणि मानेच्या वर. तिथे बुपिवाकेन किंवा रोपिवाकेन टोचले की तेवढा भाग काही तास बधिर होतो. डोके हलू नये म्हणून कवटीला पिना लावतात, त्या वेळी भुलेतही रक्तदाब एकदम उसळतो. तो आवरायलाही आधी दिलेला ब्लॉक कामी येतो. काही जण तो शेवटी, टाके घातल्यावर देतात.

मला तो महत्त्वाचा वाटतो तो वेगळ्याच कारणासाठी. या शस्त्रक्रियेनंतर पेशंटचे जागेपण हीच आमची तपासणी असते. हाक मारल्यावर ओ देतो का, हातपाय हलवतो का, डोळ्यांच्या बाहुल्या कशा आहेत, हे आम्ही पुन्हा पुन्हा बघतो. मॉर्फिनसारख्या औषधाने गुंगी येते, बाहुल्या बारीक होतात. श्वास मंदावला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि मेंदूवरचा दाब वाढू शकतो. ब्लॉकमुळे ती औषधे कमी लागतात. पूर्ण टळतीलच असे नाही. वेदना पहिले दोन दिवस जास्त असतात आणि ब्लॉक त्याआधीच उतरतो, म्हणून पॅरासिटामॉल वेळेवर चालू ठेवतात. डोक्याच्या मागच्या बाजूने शस्त्रक्रिया असेल तर मानेचे स्नायू कापावे लागतात, ते जास्त दुखते.

धोके थोडे, पण आहेत. डोक्याच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर असल्याने औषध लवकर रक्तात जाते, म्हणून मात्रा वजनावर ठरवतात. टोचल्या जागी रक्त साकळू शकते. कानाजवळ औषध पसरले तर त्या बाजूचा चेहरा काही तास सैल पडतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा भुलेच्या इंजेक्शनचा पूर्वी त्रास झाला असेल तर आधीच सांगा.

वडिलांना म्हणावे, दुखले तर सोसू नका, लगेच सांगा. आणि डोकेदुखी एकाएकी वाढली, सोबत उलटी किंवा झापड आली, तर 'ब्लॉक उतरला असेल' म्हणून थांबू नका. त्याच क्षणी सिस्टरना बोलवा.