मूल गेल्यावर त्याच बागेत फिरायला जावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी जाऊन दीड वर्ष झालं. जिथे तिला रोज खेळायला न्यायचात त्याच बागेत तुम्ही अजून फिरायला जाता, घसरगुंडीपाशी आलं की रडू आवरत नाही, आणि घरचे सगळे म्हणतात ती बाग सोड, दुसरीकडे जा. मी म्हणेन, सोडू नका. वेळ बदला, वाट बदला, नको वाटेल तेव्हा आठ-पंधरा दिवस जाऊ नका. पण बाग सोडू नका.

आमचा धाकटा 2019 च्या पावसाळ्यात गेला. सहा वर्षांचा होता. ताप आला, डेंग्यू निघाला आणि आठवडा पुरा व्हायच्या आत सगळं संपलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण तुम्ही विचारलंय ते त्यानंतरचं.

आम्ही भायखळ्याला राहतो, त्यामुळे आमची बाग म्हणजे राणीची बाग. पाटीवर वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान लिहिलंय. लांबून येणारी माणसं पेंग्विन बघतात आणि परततात. पण ती मुळात झाडांची बाग आहे, दीडशे वर्षांहून जुनी. गोरखचिंच, उर्वशी, सीताअशोक अशी झाडं तिथे आहेत. आमच्या मुलाचं प्रेम कैलासपतीवर होतं. या झाडाची फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत, थेट खोडातून फुटतात, आणि फळं तोफेच्या गोळ्यासारखी गोल असतात. खाली पडलेलं फूल उचलून तो पाकळ्या बाजूला करायचा आणि आतला नागाचा फणा आणि त्याखालची पिंडी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. अनोळखी माणसांनासुद्धा. मग म्युझियमच्या बाजूचा दगडी हत्ती. घारापुरीहून आणलेला हा हत्ती फुटला होता आणि तुकडे सांधून उभा केलाय, हे मी त्याला एकदा सांगून बसलो होतो. तेव्हापासून प्रत्येक फेरीत सांधे शोधणं आलं.

आता मुद्द्याचं सांगतो. आपल्याकडे वडिलांचं श्राद्ध असतं, आजोबांचं असतं, पितृपक्षात तिथी बघून पान वाढतात. आमच्या घराण्यात मुंज न झालेल्या मुलाचं श्राद्ध करत नाहीत. भटजींना विचारलं, तर त्यांनी मायेनेच सांगितलं, लहान लेकराला कसलं ऋण, त्याला आपलं करावं लागत नाही. त्यांचं शास्त्र त्यांच्या जागी बरोबर असेल. पण आईबापांनी काय करायचं? दहावा नाही, तेरावा नाही, वर्षाची तिथी नाही, घरात चार माणसं जमून त्याचं नाव काढतील असा एकही दिवस नाही. नातेवाईक विषय काढत नाहीत, कारण आम्हाला त्रास होईल असं त्यांना वाटतं. मूल असं बोलण्यातून हळूहळू नाहीसं व्हायला लागतं. मला दुःखापेक्षा याचीच भीती जास्त वाटली. एका सकाळी दाढी करताना त्याचा आवाज आठवायचा प्रयत्न केला आणि आठवेना. फोनमध्ये व्हिडिओ आहेत, पण त्यातला आवाज वाढदिवसाचा, मोठ्याने ओरडलेला. रोजचा, खालच्या पट्टीतला, काहीतरी मागायचं असताना निघणारा आवाज हवा होता.

तो मला बागेत सापडला. तिथे आठवण आपोआप बारकाव्यांसकट येते. या बाकावर बसून त्याने बुटातला खडा काढला होता, इथे आइस्क्रीमसाठी हट्ट केला होता, इथे ताईशी भांडून अर्धा तास तिच्याशी बोलला नव्हता. घरी बसून ठरवून आठवायला गेलो तर चार-पाच ठरलेले प्रसंगच फिरून येतात. बागेतली वळणं विसरलेलंही काढून देतात. तुम्हाला घसरगुंडीपाशी रडू येतं, ते मुलगी तिथे तुम्हाला स्पष्ट दिसते म्हणून येतं. घरच्यांना फक्त रडणं दिसतं. तुम्हाला ती दिसते. एवढं त्यांना एकदा शांतपणे सांगून बघा.

बाग सोडली तर काय होतं, हे मला न मागता कळलं. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि राणीची बाग बंद झाली, ती उघडली फेब्रुवारी 2021 मध्ये. जवळजवळ वर्षभर कुंपणापलीकडची झाडं रस्त्यावरून बघायची, एवढंच. त्या वर्षात रडणं कमी झालं नाही, फक्त त्याला जागा उरली नाही. भाजीच्या रांगेत यायचं, कामाचा फोन चालू असताना यायचं, जेवताना यायचं आणि समोर बसलेली मुलगी घाबरायची. बागेत जात होतो तेव्हा निदान तासाभराने मोकळा होऊन घरी येत होतो.

बाग उघडल्यावर मी आधी वाघ बघायला गेलो. त्यामागची गोष्ट अशी की धाकटा असताना तिथे वाघच नव्हता. दर खेपेला तो विचारायचा, वाघ कधी आणणार? शक्ती आणि करिश्मा ही जोडी तेव्हाच्या औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून फेब्रुवारी 2020 मध्ये आली. त्याला जाऊन काही महिनेच झाले होते. काचेसमोर पोरांची झुंबड होती, बापांनी खांद्यावर घेतलेली. मी मागे उभा राहून नीट बघितलं आणि मनातल्या मनात त्याला सगळं सांगितलं: केवढा आहे, कसा चालतो, जांभई देताना कसा दिसतो. माझ्यासाठी तेच त्याचं श्राद्ध होतं. याहून वेगळा शब्द मला सापडत नाही.

तिकिटाचंही सांगतो, कारण असं काही तुमच्याही वाट्याला येईल. तो गेला त्याच वर्षी डिसेंबरात आम्ही तिघे पहिल्यांदा एकत्र गेलो होतो. तेव्हा मोठ्यांना पन्नास रुपये, मुलांना पंचवीस आणि नवरा-बायको व दोन मुलं अशा चौघांचं मिळून शंभर. तिघांचं वेगवेगळं काढलं तर एकशे पंचवीस होतात. म्हणजे तिघांनीही चौघांचंच काढायचं. खिडकीतल्या माणसाने सवयीने विचारलं, "फॅमिली का?" बायकोने माझ्याकडे न बघता शंभराची नोट पुढे केली. आत गेल्यावर तिने ते तिकीट पर्समध्ये ठेवलं, ते अजून तिथेच आहे. त्यानंतर ती बागेत आली नाही. तिला तिथे जमत नाही. ती त्याच्या शाळेसमोरच्या दुकानातून पेन्सिली घेते आणि जूनमध्ये वाटते. तुमच्या यजमानांना बाग नको असेल तर त्यांना ओढू नका. नवरा-बायकोचं दुःख एकच असलं तरी त्याची जागा एक असायलाच हवी असं नाही, हे कळायला आम्हाला वेळ लागला आणि त्या काळात बरीच भांडणं झाली.

काही साध्या गोष्टी. शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळा, पोरांचा गलबला तेव्हा सोसत नाही. सकाळी फिरणारी माणसं शांत असतात. त्यांच्यात कुणी विचारेल, मुलं किती? मी दोन सांगतो. थोरली कॉलेजात, धाकटा सहाव्या वर्षी गेला. समोरचा क्षणभर गप्प होतो, होऊ द्या. एका आजोबांनी तर हे ऐकून त्यांच्या चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या मुलीबद्दल सांगितलं. घरी तिचं नाव कुणी घेत नाही म्हणाले. त्यानंतर आमची रोजची फेरी बरोबर सुरू झाली. कुठे तो, कुठे ती, असं बोलत चालतो, आणि कधीकधी हसतोही. हसू आलं म्हणून अपराधी वाटून घेऊ नका.

एक मात्र ओळखायला शिका. बागेत रडून घरी आल्यावर भूक लागते, झोप येते, तर काळजी नाही. झोप आठवडेच्या आठवडे नसेल, अंघोळ-जेवण नकोसं होत असेल, तिच्याकडेच जावं असं मनात येत असेल, तर ते बागेवर सोडायचं नाही. डॉक्टरांना सांगायचं. सरकारची टेलिमानस ही सेवा आहे, 14416 वर कधीही फोन लावा, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. गरज मला पडली तेव्हा ही सेवा नव्हती. मी ओळखीच्या डॉक्टरांकडे गेलो आणि काही महिने गोळ्या घेतल्या. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आणि तुमच्या प्रश्नात एक गोष्ट राहून गेली. मुलगी गेली हे लिहिलंत, ती कशी होती ते लिहिलं नाहीत. घसरगुंडीवरून ती सरळ यायची की उलटी चढायची? झोका किती उंच मागायची? वेळ मिळेल तेव्हा खाली लिहा, मी नक्की वाचेन.