युनियन आधी की पक्ष आधी?

प्रश्न : नमस्कार. मी साखर कारखान्यात बॉयलरला आहे, हंगामी. आमच्या युनियनचा अध्यक्ष आणि संचालक मंडळ एकाच पक्षाचं, त्यामुळं पगारवाढीची बोलणी कधी सुरू होतात आणि कधी मिटतात, पत्ताच लागत नाही. भाचा क्रूझवर कामाला आहे, तो म्हणतो मामा, तिकडं जमैका-अँटिग्वात युनियननंच पक्ष काढले. खरंय का? आणि त्यानं कामगाराचं भलं झालं का?
– एक वाचक, ता. वाळवा, जि. सांगली

उत्तर : भाचा खरं बोलतोय, पण अर्धंच. आपल्याकडं पक्ष आधी आणि त्याची युनियन मागनं, तिकडं कॅरिबियनच्या बऱ्याच बेटांवर उलटं झालं, आणि गंमत म्हणजे सुरुवात तुमच्याच धंद्यातनं, उसातनं. मे १९३८ ला जमैकात फ्रोमच्या साखर कारखान्यावर मजुरीवरनं भडका उडाला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, चार जण गेले. त्या गदारोळात अलेक्झांडर बुस्तामांते पुढं आले आणि त्यांनी युनियन काढली तीही स्वतःच्याच नावाची, वर तहहयात अध्यक्ष! (आपल्याकडच्या काही जणांना हे वाचून बरं वाटेल.) त्यांचेच चुलत-मावस नात्यातले नॉर्मन मॅनली त्याच वर्षी पीपल्स नॅशनल पार्टी (पीएनपी) काढतात, आधी दोघं बरोबर, मग फाटलं, आणि १९४३ ला बुस्तामांतेंनी जमैका लेबर पार्टी काढली. तोवर गरिबाला मतच नव्हतं हो. १९४४ ला सगळ्या प्रौढांना मत मिळालं आणि युनियनची वर्गणी गोळा करणारी पोरं रातोरात बूथवरची पोरं झाली, बुस्तामांतेंना ३२ पैकी २२ जागा. मग पीएनपीलाही युनियन लागणारच की, १९५२ ला त्यांच्या बाजूनं नॅशनल वर्कर्स युनियन उभी राहिली, त्यात मॅनलींचा मुलगा मायकेल ऊस कामगारांत फिरला आणि १९७२ ला पंतप्रधान झाला.

सगळीकडं असंच झालं असं नाही. त्रिनिदादला १९५६ ला एरिक विल्यम्स हा इतिहासकार माणूस युनियनशिवाय निवडून आला, आणि १९६५ ला त्याच्याच सरकारनं संपांवर बंधनं घालणारा कायदा केला. तिथलेच ऊस कामगारांचे नेते बासदेव पांडे, आपल्या भारतीय वंशाचे, १९९५ ला पंतप्रधान झाले.

आता भलं झालं का? सुरुवातीला झालं, नाही म्हणू नये, मजुरासमोर मालकाला बसावं लागलं हेच मोठं. पण तुमचं जे दुखणं तेच अँटिग्वात झालं. व्ही. सी. बर्ड युनियनचे अध्यक्ष, तेच सरकारचे प्रमुख, मग पगार मागायचा कुणाकडं, स्वतःकडं? शेवटी १९६७ ला सरचिटणीस जॉर्ज वॉल्टर यांना युनियननं काढलं, त्यांनी नवी युनियन काढली, आणि १९७१ ला वॉल्टर स्वतःच सरकारात बसले! पाच वर्षांनी बर्ड परत.

म्हणून नवी युनियन काढायची घाई करू नका, आधी चालू कराराची प्रत मागा आणि तो कधी संपतोय ते बघा, आणि बोलणी सुरू व्हायच्या आधी मागण्या सभेत वाचून दाखवा म्हणा. प्रत द्यायला कोण टाळाटाळ करतंय, त्यावरनं अध्यक्ष टेबलाच्या कुठल्या बाजूला बसलाय ते कळेलच.