ख्रिस्ताविषयीचे वाद वाचायला घेताय? सुरुवात इथून करा

बहुतेक जण इ.स. 325 च्या नायसिया परिषदेपासून (ख्रिस्त देवच की देवाने निर्माण केलेला, या वादावर भरलेल्या बिशपांच्या सभेपासून) सुरुवात करतात आणि सनावळ्यांतच अडकतात. त्यापेक्षा एकच प्रश्न हाताशी धरा: आदामाने पाप केलंच नसतं, तरी ख्रिस्त देहधारी होऊन आला असता का?

तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी म्हटलं, बहुधा नाही. शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, सगळीकडे ख्रिस्ताच्या येण्याचं कारण पापच दिलंय आणि देवाची इच्छा आपल्याला शास्त्रातूनच कळते. पण पाप नसताना देहधारी होणं देवाला अशक्य होतं, असं ते म्हणत नाहीत. हे वाक्य वाचताना सुटू देऊ नका. पुढच्या पिढीतले फ्रान्सिस्कन संघाचे धर्मपंडित जॉन डन्स स्कोटस नेमके उलट बाजूचे. शहाणा माणूस आधी ध्येय ठरवतो, मग साधनं. मग देवाच्या योजनेतलं सर्वश्रेष्ठ कार्य केवळ कुणाच्या तरी पापामुळे कसं घडेल? तसं असतं तर दुसऱ्याच्या पतनाचा आनंद मानावा लागला असता! हा युक्तिवाद मला आजही हलवून सोडतो.

आता बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा 5 वा अध्याय आणि कलस्सैकरांस 1:15-20 शेजारी शेजारी उघडा. पहिल्यात आदामासमोर ख्रिस्त, दुसऱ्यात ‘सर्व उत्पत्तीत ज्येष्ठ’ ख्रिस्त. याच ओळीचा आधार चौथ्या शतकातल्या एरियस या धर्मगुरूचे अनुयायी, एरियसपंथीयही घेत, ख्रिस्त निर्माण केलेला आहे हे दाखवायला. त्यांचे विरोधक बिशप अथनेशियस विचारत, जो स्वतःच निर्मिती, तो निर्मितीला देवाशी कसा जोडणार? इथवर आलात की नायसिया उघडा. अन्सेल्म आणि आबेलार्ड हे मध्ययुगीन धर्मपंडित त्यानंतर.